आगीच्या अहवालातला प्रत्येक शब्द नेमकं काय सांगतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या फर्निचरच्या कारखान्याला कामगार घरी गेल्यावर काही तासांनी आग लागली. आता तुमच्या हातात चार कागद आहेत. तपासनिसाचा अहवाल म्हणतो, ‘उगम पॉलिश विभागाच्या कोपऱ्यात, कारण अनिश्चित’. प्रयोगशाळा म्हणते, ‘ज्वलनशील द्रवाचे अवशेष आढळले नाहीत’. विमा कंपनीच्या पत्रात ‘जमिनीवरच्या खुणा द्रव ओतल्याशी सुसंगत’ असं वाक्य आहे. आगरोधक दरवाजा पुरवणारा प्रमाणपत्र दाखवून सांगतो की दरवाजा 60 मिनिटं आग अडवणारा आहे, पण आग 25 मिनिटांच्या आत पलीकडच्या गोदामात पोहोचली होती. वकील म्हणतात राडारोड्याला हात लावू नका, जागामालक म्हणतो लवकर उचला. आणि तुम्ही विचारताय, यातलं खोटं कोण बोलतंय?

कुणीच खोटं बोलत नसेल, याची शक्यता बरीच आहे. ही चार वाक्यं चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. जळालेल्या जागेवर, चाचणीच्या प्रयोगशाळेत आणि कोर्टात तेच ते शब्द वापरले जातात, पण प्रत्येक ठिकाणी त्यांची व्याप्ती वेगळी असते. एका ठिकाणचं वाक्य उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवलं की गोंधळ सुरू होतो, आणि त्या गोंधळात नुकसान बहुतेक वेळा तुमच्यासारख्या माणसाचं होतं. म्हणून एकेक शब्द घेतो.

आधी मर्यादा सांगतो. मी तुमची जागा, फोटो किंवा पॉलिसी पाहिलेली नाही. पुराव्याचे आणि विम्याचे कायदे देशागणिक बदलतात, तिथे तुमच्या वकिलांचा शब्द अंतिम. मी सांगतोय तो या शब्दांमागचा तांत्रिक विचार. आग जिथे लागते तिथे तो सारखाच असतो.

उगमापासून सुरुवात करू, कारण तपासाचा सगळा डोलारा त्यावर उभा असतो. उगमस्थान म्हणजे आग जिथे सुरू झाली ती जागा. कारण शोधायचं ते त्या जागेत असलेल्या वस्तूंमध्ये. उगम चुकीचा धरला तर खरं कारण तपासाच्या चौकटीबाहेरच राहतं आणि मग कितीही कसून शोध घेतला तरी सापडत नाही. त्यामुळे ‘पॉलिश विभागाचा कोपरा’ म्हणजे किती मोठा कोपरा, हे आधी विचारा. एक चौरस मीटर की वीस? चांगला तपासनीस उगमाचं क्षेत्र पुराव्याला झेपेल तेवढंच लहान करतो. नकाशावर टिंब काढून दिलेलं पाहून मला उलट काळजी वाटते.

आणि तो कोपरा ठरवला कसा? इथे फ्लॅशओव्हर हा शब्द समजून घ्यावा लागेल. बंद खोलीत आग लागली की गरम धूर छताखाली साचतो. त्या थराचं तापमान 500 ते 600 अंश सेल्सिअसवर गेलं की तो खालच्या सगळ्या वस्तूंवर उष्णता ओततो. जमिनीच्या पातळीवर ही उष्णता दर चौरस मीटरला साधारण 20 किलोवॅट झाली की खोलीतलं जवळजवळ सगळं काही सेकंदांत पेटतं. हाच फ्लॅशओव्हर. खोलीत आग होती, ती आता आगीची खोली होते. फोमच्या गाद्या असलेला एक सोफा एकटाच एक ते तीन मेगावॅट इतक्या वेगाने उष्णता सोडू शकतो. त्यामुळे फर्निचरच्या कारखान्यात हा टप्पा यायला काही मिनिटं पुरतात, त्यासाठी कुणी पेट्रोल ओतावं लागत नाही.

फ्लॅशओव्हरनंतर जाळायला वस्तू मुबलक असतात, कमी पडते ती हवा. मग आग हवेच्या वाटेवर जोर धरते. दरवाजासमोर, फुटलेल्या खिडकीखाली, शटरच्या फटीपाशी सगळ्यात खोल जळतं. पूर्वी सरसकट शिकवलं जायचं की जिथे सगळ्यात जास्त जळालं तिथे आग सुरू झाली. फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत हा नियम चालत नाही. 2005 साली लास वेगासजवळ एका प्रयोगात दोन खोल्या पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर साधारण दोन मिनिटं जळू दिल्या आणि विझवल्या. मग 53 तपासनिसांना विचारलं की आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली. प्रत्येक खोलीसाठी फक्त तिघांनी बरोबर सांगितलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरी तेरा जण बरोबर आले असते. म्हणजे जळाल्याच्या खुणा त्यांना चुकीच्या दिशेला नेत होत्या.

यावरून तुमचा अहवाल चुकीचा ठरत नाही. पण तपासनिसाला विचारायचा प्रश्न मात्र मिळतो: खोलीत फ्लॅशओव्हर झाला होता का, आणि झाला असेल तर खुणांखेरीज कशाच्या आधारावर हा कोपरा ठरवला? सुरुवातीला आग पाहिलेल्या माणसाचं म्हणणं, कॅमेऱ्याचं चित्रण, कोणता स्मोक डिटेक्टर आधी वाजला, विजेच्या तारांवर कुठे ठिणगीच्या खुणा आहेत, हवा कुठून येत होती, यापैकी दोन-तीन गोष्टी त्याच कोपऱ्याकडे बोट दाखवत असतील तर निष्कर्ष भक्कम. नुसतं ‘तिथे जास्त जळालं होतं’ असेल तर कच्चा.

आता ‘सुसंगत’. तुमच्या कागदांमधला सगळ्यात धोकादायक शब्द हाच. ‘खुणा द्रव ओतल्याशी सुसंगत आहेत’ याचा काटेकोर अर्थ एवढाच की द्रव ओतला असता तर अशा खुणा दिसू शकल्या असत्या. द्रव न ओतता त्या दिसल्या असत्या का, याबद्दल हे वाक्य गप्प आहे. आणि इथे ते उत्तर ‘हो’ असंच आहे. फ्लॅशओव्हरनंतर जमीन वरून तापते, छताचा पेटता भाग खाली पडतो, प्लॅस्टिक वितळून साचतं आणि साचलेल्या जागी जळत राहतं. यातून वेड्यावाकड्या कडांचे डाग तयार होतात. ओतलेल्या द्रवाचे डाग आणि हे डाग नजरेने वेगळे करता येत नाहीत.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. 1990 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल शहरात घराला आग लागून माणसं दगावली. घरातल्या पुरुषावर संशय आला, कारण जमिनीवर द्रव ओतल्यासारखे डाग होते. तो सांगत होता की मुलाने सोफा पेटवला. सुदैवाने शेजारी तसंच घर रिकामं होतं. तपास करणाऱ्यांनी त्याच प्रकारचं सामान आणून सोफा पेटवून पाहिला, मनात धरून की एवढ्या वेगाने आग पसरणार नाही. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि द्रवाचा थेंबही नसताना तसेच डाग उमटले. खटला मागे घेतला गेला. कुणी ‘सुसंगत’ म्हटलं की मला तो माणूस आठवतो. दोन शब्दांच्या ढिलाईवर एखाद्याचं आयुष्य पणाला लागू शकतं.

म्हणून विमा कंपनीला लेखी विचारा: या खुणा आणखी कशाकशाशी सुसंगत आहेत, आणि त्या शक्यता तुम्ही कशाच्या आधारावर बाजूला केल्या? काँक्रीटचे पापुद्रे उडणं, ज्याला स्पॅलिंग म्हणतात, आणि काचेला जाळीदार तडे जाणं, या दोन गोष्टीही त्याच पत्रात असतील तर सावध व्हा. काँक्रीट मुख्यत्वे आतल्या ओलाव्यामुळे आणि असमान तापण्यामुळे फुटतं. जाळीदार तडे बहुधा तापलेल्या काचेवर पाणी पडून ती झटकन थंड झाल्याने येतात, म्हणजे आग विझवताना. दोन्हींवरून कोणता द्रव वापरला होता हे कळत नाही.

‘कारण अनिश्चित’ वाचून तुम्ही लिहिलंय, ‘म्हणजे माझ्यावर संशय आहे ना?’ नाही. आगीचं कारण सांगायचं म्हणजे उष्णता कुठून आली, सगळ्यात आधी कोणती वस्तू पेटली आणि या दोन्ही कशामुळे एकत्र आल्या, हे तिन्ही सांगावं लागतं. यातलं एक जरी पुराव्याने भरता आलं नाही तर प्रामाणिक तपासनीस ‘अनिश्चित’ लिहितो. पुढे नवा पुरावा आला तर ते बदलूही शकतं. ‘संशयास्पद’ हे मात्र वर्गीकरणच नाही. संशय ही तपास करणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे, तिला आगीच्या कारणाच्या रकान्यात जागा नाही.

यातून निघणारी एक युक्ती ओळखून ठेवा. कुणी म्हणेल, ‘वीज नव्हती, गॅस नव्हता, सिगारेट नव्हती, मग उरलं काय? कुणीतरी लावली.’ सगळी अपघाती कारणं खोडून, कोणताही थेट पुरावा नसताना, उरलेल्या जागी ‘मुद्दाम लावलेली आग’ बसवायची. आग-तपासनीस जगभर ज्या मार्गदर्शिकेचा आधार घेतात, त्या एनएफपीए 921 च्या 2011 च्या आवृत्तीने स्पष्ट म्हटलं की ही पद्धत शास्त्रीय पद्धतीशी जुळत नाही. कारणं खोडून काढणं हा तपासाचा भाग आहेच. पण शेवटी जे उरतं त्यालाही स्वतःचा पुरावा लागतो. आगीने नष्ट केलेलं कारण खोडलं गेलेलं नसतं, ते फक्त दिसत नसतं.

आता प्रयोगशाळेचा कागद. तुमच्या बाबतीत खरी माहिती इथे दडलेली असावी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘अवशेष आढळले नाहीत’ म्हणजे दिलेल्या नमुन्यात, वापरलेल्या पद्धतीने, त्या पद्धतीच्या पकडीत येणारं काही सापडलं नाही. नमुना कुठून घेतला, कधी घेतला आणि कशात भरला, यावर बरंच ठरतं. पेट्रोल उघड्या पृष्ठभागावर जळून आणि उडून जातं, ते टिकतं फरशीच्या सांध्यात, लाकडाच्या फटीत, गालिच्याखाली. स्पिरिट किंवा ॲसिटोन पाण्यात मिसळतं, पाण्याच्या मोठ्या माऱ्यात धुऊन जाऊ शकतं. मातीतले जिवाणू पेट्रोलचे काही घटक खातात, म्हणून मातीचे नमुने गोठवून ठेवतात. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून वाफ आतबाहेर होते, म्हणून न वापरलेले, घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे किंवा या कामासाठीच्या खास पिशव्या लागतात. तेव्हा या वाक्याने ‘द्रव ओतला’ हा दावा लंगडा पडतो, पण द्रव नव्हताच असंही सिद्ध होत नाही. ज्याने आरोप केला त्याने तो सिद्ध करायचा, आणि त्याच्याकडे प्रयोगशाळेचा पाठिंबा नाही, एवढं नक्की. द्रवाचा वास हुंगणाऱ्या श्वानाने एखाद्या जागी इशारा दिला होता असं कुणी म्हणालं, तर त्याचंही तसंच. श्वान नमुना कुठून घ्यायचा ते सांगतो. प्रयोगशाळेने दुजोरा दिला नाही तर त्या इशाऱ्यावर निष्कर्ष उभा करू नये.

उलट बाजूनेही तेवढीच काळजी लागते. समजा अहवालात ‘टर्पेंटाइन आढळलं’ असं असतं, तरी घाबरायचं कारण नव्हतं. टर्पेंटाइन पाइनच्या झाडापासूनच काढतात, त्यामुळे पाइनच्या साध्या जळक्या फळीतही तेच घटक निघतात. फोम, गालिचे आणि गोंद जळताना टोल्युइन, स्टायरिन असे पदार्थ सुटतात, आणि अननुभवी नजरेला ते पेट्रोलचे अंश वाटू शकतात. म्हणून तुलनेचा नमुना घेतात, म्हणजे त्याच प्रकारची पण संशय नसलेल्या जागेची फळी किंवा गालिचा. तुमच्या प्रकरणात असा नमुना घेतला होता का, हे नक्की विचारा. शिवाय पॉलिश विभागात थिनर असणारच. सापडलेला द्रव तिथे असण्याचं साधं कारण होतं का, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही, तुमचा स्टॉकचा रजिस्टर सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं आता. तुम्ही ओघात लिहिलंय की त्या दिवशी जवसाच्या तेलाचं पॉलिश चालू होतं. त्या चिंध्यांचं पुढे काय झालं? जवसाच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट 200 अंशांच्या वर असतो. फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाची वाफ ठिणगी लागताच क्षणभर पेटेल असं किमान तापमान. पेट्रोलचा तो उणे 40 अंशांच्या आसपास, टर्पेंटाइनचा साधारण 35. हा आकडा पाहून लोक जवसाचं तेल निर्धोक समजतात. पण फ्लॅश पॉइंट फक्त बाहेरून ठिणगी देण्याबद्दल बोलतो. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. पसरलेल्या कापडावर ती उडून जाते. बोळे करून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्यांत ती साठत जाते, तापमान वाढतं, क्रिया आणखी जोर धरते आणि काही तासांनी ढीग स्वतःहून पेटतो. म्हणजे कामगार घरी गेल्यावर.

आणि आता ही जोडणी पाहा. आगीच्या नमुन्यांची नेहमीची चाचणी जीसी-एमएस यंत्रावर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर होते आणि ती पेट्रोल, रॉकेल, थिनर यांसारख्या उडून जाणाऱ्या द्रवांसाठी बांधलेली असते. वनस्पती तेलं त्या पद्धतीच्या पकडीत येत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना वेगळ्या तऱ्हेने तयार करावा लागतो आणि ती चाचणी वेगळी मागावी लागते. म्हणजे ‘ज्वलनशील द्रवाचे अवशेष आढळले नाहीत’ हे वाक्य संपूर्ण खरं असू शकतं आणि तरीही जवसाच्या तेलाच्या चिंध्यांबद्दल ते एक अक्षरही बोलत नसतं. आग चिंध्यांनीच लागली असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की हे गृहीतक तपासायला हवं होतं आणि तुमच्या कागदांवरून ते तपासलेलं दिसत नाही. नमुने शिल्लक असतील तर वनस्पती तेलासाठी चाचणी मागा. ते निघालं तर ‘अनिश्चित’ हा शब्द बदलू शकतो.

शेजारी सगळे शॉर्ट सर्किट म्हणतात, त्याबद्दल थोडक्यात. तारेवर तांब्याचा गोल मणी सापडला म्हणजे तिथे आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, झाला, म्हणजेच त्या क्षणी तारेत वीज होती. आगीने तारेचं आवरण जाळलं तरी आर्क होतोच, त्यामुळे तो मणी आगीचं कारण आहे की परिणाम, हे नुसत्या मण्यावरून ठरत नाही. तांबं 1,085 अंशांना वितळतं, म्हणून मोठ्या आगीत आर्कशिवायही तार वितळू शकते, फक्त तिचा आकार वेगळा दिसतो.

दरवाजाकडे येऊ. 60 मिनिटांचं प्रमाणपत्र खोटं असेलच असं नाही. ही चाचणी भट्टीत होते. दरवाजा चौकटीसह भिंतीत बसवतात, बंद करतात आणि भट्टीचं तापमान ठरलेल्या आलेखाप्रमाणे वाढवतात. आयएसओ 834 च्या आलेखात पाचव्या मिनिटाला सुमारे 576 अंश, तिसाव्या मिनिटाला 842 आणि साठाव्या मिनिटाला 945. पलीकडे ज्वाला किंवा गरम वायू न जाऊ देणं ही एक कसोटी, पलीकडचा पृष्ठभाग फार न तापू देणं ही दुसरी. दुसरीत सरासरी तापमानवाढ 140 अंश आणि कोणत्याही एका ठिकाणी 180 अंश ही मर्यादा असते. दरवाजाने फक्त पहिली पार केली की दोन्ही, ते प्रमाणपत्रात पाहा. पलीकडे दरवाजाला टेकून फोमचे गठ्ठे ठेवलेले असतील तर हा फरक निर्णायक ठरतो.

म्हणजे 60 मिनिटं हा त्या भट्टीतला वेळ आहे. तुमच्या कारखान्यातली आग त्या आलेखाने चालत नाही. फोमची आग पहिल्या काही मिनिटांत त्याहून झपाट्याने चढू शकते. शिवाय प्रमाणपत्र दाराच्या एकट्या फळीचं नसतं, ते फळी, चौकट, बिजागऱ्या, सील, दार आपोआप बंद करणारा क्लोजर आणि ठरलेल्या फटी अशा पूर्ण जोडणीचं असतं. माझ्या अनुभवात आगीचे दरवाजे दगा देतात ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. दाराला खुंटी लावून उघडं ठेवलेलं असतं, खालची फट बोटभर असते, केबलसाठी शेजारच्या भिंतीला भोक पाडून ते बुजवलेलं नसतं. म्हणून तुमच्या वकिलांनी ‘दरवाजा का जळाला’ याआधी ‘दरवाजा बंद होता का’ हे विचारायला हवं. बिजागरीवरची काजळी, कुलपाच्या जिभेची स्थिती आणि चौकटीच्या खाचेतला न जळलेला पट्टा यावरून ते बऱ्याचदा कळतं. त्यासाठी दरवाजा जागेवर हवा.

फोम पुरवणाऱ्याने ‘आपोआप विझणारा’ लिहून दिलंय, त्याबद्दल. हा शब्द लहान नमुन्यावर, लहान ज्योतीने केलेल्या चाचणीतून आलेला असतो. ज्योत काढली की बोटभर तुकडा विझतो, म्हणून गोदामात रचलेला ढीगही विझेल असं होत नाही. ढिगात एक पेटता तुकडा दुसऱ्याला उष्णता देत राहतो. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोमसारख्या प्लॅस्टिकच्या बाबतीत नेमक्या अशाच शब्दांच्या वापराविरुद्ध कारवाई केली होती, कारण प्रत्यक्ष आगीत तो माल तसा वागत नव्हता. मोठ्या आगीबद्दल बोलायचं तर उष्णता सोडण्याचा वेग मोजलेला हवा. तो मोजताना किती ऑक्सिजन खर्च झाला ते पाहतात, कारण बहुतेक सगळ्या सेंद्रिय वस्तू एक किलो ऑक्सिजन खर्चून साधारण 13.1 मेगाज्यूल उष्णता देतात. पुरवठादाराकडे असा अहवाल मागा.

आतापर्यंतचं एका दमात: उगम आधी, कारण नंतर. ‘सुसंगत’ म्हणजे सिद्ध नव्हे. ‘आढळलं नाही’ हे पद्धतीपुरतं. आणि मिनिटं भट्टीतली.

कोर्टातल्या शब्दांपैकी दोन तुम्हाला लगेच लागतील. पहिली जोडी ‘शक्य’ आणि ‘संभाव्य’. व्यवहारात आपण हे शब्द सरमिसळ वापरतो. तज्ज्ञाच्या मतात मात्र ‘संभाव्य’ म्हणजे खरं असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि ‘शक्य’ म्हणजे घडू शकलं असतं, पण तेवढ्या ठामपणे म्हणता येत नाही. दिवाणी दाव्यात साधारणपणे पारडं एका बाजूला झुकलं की पुरतं, फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. त्यामुळे एकच तांत्रिक मत दिवाणीत टिकून फौजदारीत अपुरं पडू शकतं, त्यात विसंगती नाही. ‘शक्य’ पातळीचं मत मात्र कुठेच फारसं वजन धरत नाही. तुमच्या विरोधातल्या तज्ज्ञाला उलटतपासणीत हाच प्रश्न विचारला जावा: तुमचं मत शक्य या पातळीचं आहे की संभाव्य? आणि ते चूक असेल तर कोणत्या पुराव्याने चूक ठरलं असतं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 च्या डॉबर्ट खटल्यात तज्ज्ञाच्या मताला लावायच्या कसोट्या सांगितल्या: मत तपासून पाहता येतं का, पद्धत इतर तज्ज्ञांनी तपासली आहे का, चुकीचं प्रमाण किती, त्या क्षेत्रात ती मान्य आहे का. तुमच्या कोर्टाला तो निकाल लागू असो वा नसो, प्रश्न कुठेही विचारण्यासारखे आहेत.

दुसरा शब्द स्पोलिएशन, म्हणजे पुढे दावा होणार हे ठाऊक असताना पुरावा नष्ट होणं, बदलणं किंवा हरवणं. जाणूनबुजूनच केलं पाहिजे असं नाही, अनेक ठिकाणी निष्काळजीपणाही पुरतो. अनेक देशांत कोर्ट अशा पक्षाच्या विरोधात अनुमान काढू शकतं किंवा त्याच्या तज्ज्ञाचं मत बाजूला ठेवू शकतं. जागामालकाच्या घाईबद्दलचं उत्तर इथे आहे. वकिलांचं बरोबर आहे, पण मालकाचं नुकसानही खरं आहे, आणि जागा कायमची अडवून ठेवणं हा त्यावरचा मार्ग नाही.

व्यवहारात असं करतात. ज्यांचा ज्यांचा संबंध येऊ शकतो त्या सगळ्यांना, म्हणजे विमा कंपनी, दरवाजा पुरवणारा, फोमवाला, वायरिंगचा कंत्राटदार, जागामालक, यांना लेखी कळवायचं की अमुक तारखेला संयुक्त पाहणी आहे, त्यानंतर राडारोडा हलवला जाईल. त्या दिवशी सगळ्यांसमोर थरथराने उकरायचं, प्रत्येक थराचे फोटो घ्यायचे, हव्या त्या वस्तू खुणा घालून वेगळ्या काढायच्या. प्रत्येक वस्तू कुणी उचलली, कुणाला दिली, कुठे ठेवली याची सलग नोंद हवी. एक जरी सही मधे तुटली तर ती वस्तू तीच आहे का, इथपासून वाद सुरू होतो. ज्या तपासणीत वस्तू कापावी, उघडावी किंवा संपवावी लागते ती सगळ्यांनी मान्य केलेल्या लेखी पद्धतीशिवाय करू देऊ नका, अगदी तुमच्या स्वतःच्या तज्ज्ञालाही. आणि विमा कंपनीने दावा मंजूर केला तरी पुरावा टाकू नका. पैसे दिल्यावर कंपनी तुमच्या जागी उभी राहून दरवाजावाल्याकडून किंवा फोमवाल्याकडून वसुली करू शकते. याला सब्रोगेशन म्हणतात, आणि तेव्हा तोच दरवाजा पुन्हा लागतो.

तुमच्या जागी मी आजच वकिलांकरवी प्रयोगशाळेला पत्र पाठवेन की उरलेले नमुने नष्ट करू नयेत, कारण नमुने ठेवण्याची मुदत संपली की ते टाकून दिले जातात. दरवाजा चौकटीसकट कापून काढण्याची तयारी ठेवेन. आणि संयुक्त पाहणी होईपर्यंत पॉलिश विभागाच्या त्या कोपऱ्यावर ताडपत्री घालून ठेवेन, कचऱ्याचा डबा आणि त्याखालची फरशी यांना कुणालाही हात लावू देणार नाही. त्या दिवशी पॉलिश करणाऱ्या कामगाराशीही आत्ताच बोला. चिंध्या किती होत्या, कुठे टाकल्या, डब्याला झाकण होतं का, काम किती वाजता संपलं, हे त्याच्या शब्दांत, तारखेसह लिहून घ्या. त्याला धीर देऊन विचारा. तो घाबरलेला असेल, आणि दोष येईल या भीतीने गप्प राहिला तर सगळ्यात उपयोगी माहिती कुणालाच मिळणार नाही.